काजूचा चीक आणि व्हिसाची बोटं

जर्मनीतल्या विद्यापीठाचं प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा मी सड्यावर उभी होते. आमच्या घरामागे चढण आहे, आणि ती संपली की जांभ्या दगडाचा उघडा सडा लागतो. हेदवीच्या अलीकडे रस्ता सोडून खाली उतरलं की आमची वाडी. वाडीत फोनची रेंज कधी येते आणि कधी जाते ते तिचं तिलाच ठाऊक. त्यामुळे ज्याला जगाशी काही काम असेल त्याने सड्यावर जायचं, अशी आमच्याकडे रीतच पडून गेली आहे. मी धावत खाली आले आणि आईला सांगितलं. आई माडाच्या झावळ्या ओढत होती. "बरं झालं," म्हणाली, आणि झावळी ओढत राहिली.

वर्ग एप्रिलमध्ये सुरू व्हायचे होते. त्याआधी व्हिसा हवा, व्हिसासाठी मुंबईच्या केंद्रात जाऊन कागद आणि बोटांचे ठसे द्यायला हवेत, आणि तिथे जायला आधी तारीख हवी. ती तारीख काही मिळेना. कधीतरी अचानक दोन-चार तारखा दिसायच्या आणि बोट लावेपर्यंत कुणीतरी उचललेल्या असायच्या. मी सकाळी सड्यावर, दुपारी उन्हात सड्यावर, दिवेलागणीला पुन्हा सड्यावर. गुरं चारणारे काका विचारायचे, बाय, काय हरवलंय का तुझं? मुळात मी शांत स्वभावाची नाही. चहा उकळेपर्यंतसुद्धा मला चुलीसमोर उभं राहवत नाही. हिच्या पायाला भिंगरी आहे, असं आई माझ्या लहानपणापासून सांगत आली आहे, आणि त्या दिवसांत तर ती भिंगरी डोक्यात शिरली होती.

शेवटी एका दुपारी तारीख मिळाली. फेब्रुवारी संपत आला असतानाची. त्यानंतर व्हिसा यायला लागणारा वेळ धरला तर एप्रिलच्या वर्गांना मी जेमतेम पोचणार होते. ही तारीख चुकली तर पुढची कधी मिळेल याची काही खात्री नव्हती, आणि प्रवेश पुढच्या वर्षीसाठी राखून ठेवत नाही असं विद्यापीठाने आधीच कळवलं होतं. पैशांची सोय झाली होती. ती कशी झाली ते इथे लिहीत नाही, ते बाबांचं आणि माझं आहे.

आता तारीख मिळाल्यावर माणसाने निवांत बसावं की नाही? मला ते जमेना. कागद मी पुन्हा पुन्हा काढून बघायची. फोटोत माझे कान नीट दिसतात ना, हे बाबांना फोन करून विचारायची. बाबा लोट्याला एका कंपनीत शिफ्टला असतात, तिथेच खोली घेऊन राहतात आणि सुट्टीला घरी येतात. मीही पदवीनंतर लोट्यालाच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम केलं होतं. रंगांचं रसायनशास्त्र शिकायचं हे तिथेच डोक्यात बसलं. अर्जासोबत जे निवेदन द्यावं लागतं त्यात तर मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं की मी काजूच्या बागांत वाढले, काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, आणि त्याच तेलापासून टिकाऊ रंग तयार होतात याचं मला कुतूहल आहे. हे वाक्य लिहून मी स्वतःवर फारच खूश झाले होते.

फेब्रुवारी म्हणजे ओल्या काजूगरांचे दिवस. झाडावरची हिरवी बी काढायची, विळीवर उभी चिरायची आणि काडीच्या टोकाने आतला मऊ गर अख्खा बाहेर काढायचा. बाहेरगावची माणसं वेळणेश्वरला फिरायला येतात, त्यांना खानावळीत काजूगरांची उसळ हवी असते, म्हणून आमच्या वाडीतल्या बायका गर काढून देतात. चिरताना बीचा चीक हातावर येतो. आधी हाताला खोबरेल चोपडायचं, त्यावर चुलीतली राख फासायची, तरी बोटं काळी पडतात आणि मोसम संपेपर्यंत त्यांची सालं निघत राहतात. आईची बोटं मी कायम तशीच पाहिली आहेत. काजू संपले की आंबे, मग लावणी, मग कापणी. तिच्या हातांना सुट्टी अशी मिळतच नाही.

रेशनच्या दुकानात मशीन आलं तेव्हापासून आईचा अंगठा त्यात लागत नाही. तो दुकानदार पुन्हा लाव, दाबून लाव, पुसून लाव म्हणतो. आई पदराला पुसते, डोक्यावरच्या तेलावर फिरवते, दाबते. मशीन लाल दिवा दाखवतं. मग बाबांच्या फोनवर आकडा येतो तो विचारून दुकानदार धान्य देतो, पण बाबा शिफ्टला असले तर आत फोन नेता येत नाही. आई तेव्हा पिशवी घेऊन दुकानाच्या पायरीवर बसून राहते. मला आठवतं तसं तिने याबद्दल कधी कुरकूर केली नाही. आपल्यालाच काही कमी आहे अशा चेहऱ्याने ती बसलेली असायची, आणि ते बघून मला मशीनचा राग यायचा.

मुंबईला जायच्या आधीच्या आठवड्यातही ती अशीच रेशनला गेली होती. जाताना मला सांगून गेली, बिया पडवीत ठेवल्यात, आल्यावर बघते, तुझ्यासाठी उसळ करायची आहे. "तू नको गो हात लावू," असंही म्हणाली. मी घरात एकटी. कागद बघून झाले, बॅग भरून उपसून झाली, सड्यावर जाऊन आले. पडवीत बियांची टोपली दिसत होती. हात रिकामे होते आणि ते रिकामे हात मला सहन होईनात. खोबरेलाची बाटली आत फळीवर होती, चार पावलांवर. तेवढीही उसंत मला नव्हती. विळी ओढली आणि बसले.

सुरुवातीला काहीच होत नाही. चीक लागतो, थोडा चुणचुणतो, इतकंच. कितीतरी वेळाने माझं डोकं पहिल्यांदा शांत झालं. बी चिरायची, काडी घालायची, गर फोडायचा नाही, ताटात टाकायचा. केंद्र, तारीख, वर्ग, सगळं मागे पडलं. आई परत आली ती रिकामी पिशवी घेऊन, कारण बाबांची दुपारची शिफ्ट होती आणि फोन लागला नव्हता. तोवर मी टोपली संपवली होती. गरांनी भरलेलं ताट मी तिच्यासमोर धरलं. मला वाटलं ती खूश होईल.

तिने ताटाकडे पाहिलंच नाही. माझा हात धरला, उलटा केला, सुलटा केला. "तेल लावलंस?" एवढंच विचारलं. मग ती मला न्हाणीत घेऊन गेली आणि माझी बोटं राखेने आणि चिंचेने घासत बसली, जशी भांडी घासतात तशी. उसळ झाली आणि मी दोनदा वाढून घेतली. तोपर्यंत बोटांची टोकं गरम लागायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी टोकांवर फोड आले. मग ते बसले, कातडी काळी आणि चिवट झाली आणि कडेने सुटू लागली. दुखत होतं, पण काजूच्या मुलखात हे कुणी दुखणं समजत नाही. आई कोकमाचं मुठेल वितळवून लावत होती. मला अजूनही काही सुचलं नव्हतं. रसायनशास्त्राची पदवी, प्रयोगशाळेतली नोकरी, कातडी जाळणाऱ्या तेलाबद्दलचं ते झोकदार वाक्य, सगळं असून मला काही सुचलं नव्हतं.

सुचलं ते बाबा सुट्टीला आले तेव्हा. त्यांना तिकिटं दाखवायला मी फोड आल्यापासून पहिल्यांदाच फोन हातात घेतला आणि उघडायला अंगठा लावला. फोन उघडला नाही. पुन्हा लावला. दुसरं बोट लावलं. डाव्या हाताची लावली. फोनने मला ओळखायचं साफ नाकारलं. बाबा म्हणाले, पुसून लाव. आणि ते वाक्य घरात तिघांनीही ऐकलं. आई दारात उभी होती, ती खालीच बसली. आकडे टाकून फोन उघडत होता, पण व्हिसाच्या केंद्रात आकडे चालणार नव्हते.

बाबांचा सल्ला होता की तारीख पुढे ढकलता येते का ते बघावं. मी सड्यावर जाऊन पाहिलं. पुढे तारीख नव्हतीच. मग जायचं असं ठरलं. बाबांना रजा मिळेना म्हणून आई माझ्याबरोबर निघाली. आम्ही चिपळूणला गाडी धरली आणि मुंबईत चुलत काकांकडे उतरलो. सगळा रस्ता मी बोटांकडे बघत होते आणि आई खिडकीबाहेर बघत होती. मधेच तिने माझे दोन्ही हात आपल्या मांडीवर ओढून घेतले आणि पदराने झाकले. समोरच्या बाईला वाटलं असेल मला थंडी वाजतेय.

केंद्रात फक्त अर्जदाराला सोडतात. आई बाहेर फुटपाथवर, झाडाखाली थांबली. आत थंडगार हवा, नंबरांची घोषणा, आणि माझ्यासारखीच फायली छातीशी धरलेली मुलं. कागदांत खोट काढायला जागा नव्हती. काउंटरवरच्या बाईंनी सगळं भराभर तपासलं आणि मशीनवर चार बोटं ठेवायला सांगितली. मी ठेवली. लाल दिवा. पुसून ठेवली. लाल. त्यांनी ओला रुमाल दिला, काच पुसली, माझी बोटं स्वतः दाबून धरली. लाल, लाल, लाल. डाव्या हाताच्या करंगळीचा तेवढा हिरवा आला. करंगळीने गर काढत नाहीत.

त्यांनी माझे हात वळवून पाहिले आणि काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं, काजूने. त्यांना कळेना. काजू म्हणजे डब्यातला पांढरा काजू, त्याने हात कसा भाजेल? मी चीक समजावू लागले, ओली बी, विळी, टरफल, आणि बोलता बोलता मला रडू आलं. मागे माणसं खोळंबली होती. बाई वाईट नव्हत्या. आत जाऊन कुणाशी तरी बोलून आल्या. एका बोटावर अर्ज पुढे जाणार नाही, पण कागद पूर्ण आहेत, तेव्हा मार्चमध्ये एक वेळ देतो, तोपर्यंत कातडी भरून आली तर ठीक, असं त्यांनी सांगितलं. आणि नाही आली तर, असं मी विचारलं. त्यांनी पुढचा नंबर पुकारला.

बाहेर आले तर आई तिथेच उभी होती. बसायला कट्टा होता, तरी उभी. मी सगळं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि मग आपलेच तळवे उघडून पाहिले.

"माझ्यासारखी झाली काय गो तुझी?" ती म्हणाली.

मी तिच्यावर खेकसले. म्हणाले, भरून येतात, कातडी आहे ती, महिनाभर चीक लागू दिला नाही की खालून त्याच रेषा पुन्हा वर येतात. हे मी तिला धीर द्यायला सांगत होते की स्वतःला, देव जाणे. बराच वेळ चालल्यावर तिने विचारलं, कुणाच्याही येतात? मी म्हटलं, कुणाच्याही. माझं लक्ष नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. आईने मला कशाला म्हणून हात लावू दिला नाही. केर नाही, भांडी नाहीत, विहिरीवर जायचं नाही, दोरी ओढायची नाही. केस ती विंचरायची. आमटी तिखट असली की ती भातही भरवायची, चोवीस वर्षांच्या घोडीला, आणि वाडीतल्या बायका येता-जाता बघून हसायच्या. मी चिडायची, पाय आपटायची, सड्यावर जाऊन नुसती फिरून यायची. दिवसातून कितीदा तरी फोनवर अंगठा टेकवून बघायची. फोन आपला ढिम्म. मुठेलाचा वास माझ्या उशीला, पुस्तकांना, पासपोर्टलाही लागला. आणि पडवीत आई बिया चिरत बसलेली असायची, माझ्या वाटच्याही. हेदवीच्या दशभुजा गणपतीच्या देवळातही ती मला घेऊन गेली. मी हात जोडले आणि जोडलेल्या हातांची टोकंच बघत राहिले.

एकदा अशीच ती चिरत बसली होती आणि मी खांबाला टेकून, काही करायला नाही म्हणून तिच्याशी वाद उकरून काढत होते. तिने मान वर न करता विचारलं, "शिकायला जातात त्यांचीच बोटं घेतात, का नुसतं कुणाला भेटायला गेलं तरी?" मी म्हटलं, सगळ्यांचीच, चार दिवसांसाठी गेलं तरी. ती हं म्हणाली. हातातली बी तिने चिरली, गर काढला, ताटात टाकला. मी पुन्हा माझ्या फोनकडे वळले.

ज्या सकाळी फोन उघडला त्या सकाळी मी ओरडले की काय ते आठवत नाही. आई न्हाणीतून धावत आली एवढं आठवतं. नवी कातडी गुलाबी आणि पातळ होती, पण रेषा होत्या. मार्चमध्ये पुन्हा मुंबई, पुन्हा तोच काउंटर, बाई मात्र दुसऱ्या. चार बोटं, हिरवा. चार बोटं, हिरवा. दोन अंगठे, हिरवा. कशालाच वेळ लागला नाही. त्या बाईंना यात काय विशेष ते कळायचं कारणच नव्हतं, आणि मी त्यांचे इतके आभार मानले की त्या बिचकल्या. व्हिसा आला तेव्हा वर्ग सुरू होऊन गेले होते. विद्यापीठाने उशीर चालवून घेतला. मी गेले.

पुढच्या फेब्रुवारीत सत्र संपल्यावर घरी आले. तिकडच्या थंडीत मला सगळ्यात जास्त कशाची आठवण आली असेल तर ती त्या उसळीची, आणि हे मी फोनवर आईला पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. घरी पोचले, हातपाय धुतले, पानावर बसले. वालाची आमटी होती, तळलेली सुरमई होती, भात होता. मी म्हटलं, उसळ?

"यंदा उसळ नाय," आई म्हणाली. "ओले काढलेच नाय मी. बी सुकवून द्यायची म्हटलं."

मला खरंच राग आला. इतक्या लांबून आले आणि एवढंही नाही? खानावळीला नको देऊस, पण माझ्यापुरते चार गर? मी बोलत सुटले. बाबा सुट्टीवर आले होते, ते पानात बघून जेवत राहिले. त्यांनी आईकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, दाखव की तिला.

आईने हात पदराला पुसले आणि माझ्यासमोर धरले. मी आधी समजलेच नाही. मग तिचा अंगठा हातात घेतला. काळेपणा गेला होता. सालं नव्हती. टोकावर, कडेला थोड्या पुसट, पण मधोमध चांगल्या उमटलेल्या, गोल गोल रेषा होत्या. आईच्या बोटावर अशा रेषा मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. गेल्या मोसमात मी गेल्यानंतर तिने बिया चिरायला विळीला हात लावला नव्हता, आणि पावसात लावणीला बाबांनी लोट्याहून आणलेले रबरी मोजे घालून गेली होती. सगळ्या बायका हसल्या, असं बाबांनी सांगितलं. रेशनचं मशीनही तिला आता पहिल्या झटक्याला घेतं.

"राखून ठेवलीत," ती म्हणाली. "तुझ्याकडं यायचं तर लागतील ना."

ज्या बाईने मी जाणार कळल्यावर बरं झालं एवढंच म्हटलं होतं, किती लांब, किती वर्षं, काही विचारलं नव्हतं, ती वर्षभर स्वतःची बोटं सांभाळत बसली होती. मला रडू आलं आणि मी तिच्यासमोर रडले. तिने मला भात भरवला, बोटं बरी असतानासुद्धा.

जेवण झाल्यावर मला बसवेना. आईला पासपोर्ट नाही, आधी तो काढायला हवा, आणि त्याला रत्नागिरीची तारीख लागते. मी फोन घेतला आणि चढण चढून सड्यावर गेले. ऊन अजून कडक होतं. रेंज आली. त्या आठवड्यात तारीख नव्हती, पुढच्याही नव्हती. खालून आई हाक मारत होती, उन्हात उभी राहू नको म्हणून. मी पुन्हा बघितलं आणि तिथेच उभी राहिले.